शांतिसेनेचे अपयश आधी ठरावात वाचावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी २०२५ मध्ये काँगोतील गोमा शहर शेजारच्या रवांडाचा पाठिंबा असलेल्या एम-२३ बंडखोरांच्या हाती गेले. तेव्हापासून ‘संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना हवीच कशाला?’ हा सवाल अग्रलेखांत आणि वाचकांच्या पत्रांत पुन्हा पुन्हा येतो आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पैशाअभावी नऊ मोहिमांतले सुमारे एक चतुर्थांश सैनिक आणि पोलीस कमी करण्याचे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले, आणि ‘बरे झाले’ असा सूरही निघाला. सवाल रास्त आहे, पण तो फार उशिरा विचारला जातो. गावे जळाली की आपण निळ्या शिरस्त्राणातल्या सैनिकाकडे बोट दाखवतो. मोहीम फसणार की तगणार, याचा बराचसा निकाल मात्र पहिला सैनिक विमानातून उतरण्याआधीच सुरक्षा परिषदेच्या ठरावाच्या आणि कराराच्या कागदांवर लागलेला असतो. ते कागद कसे वाचायचे, याबद्दल हे पत्र.

आधी एक घोळ दूर करू. ‘शांतिसेना’ हा शब्द संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत कुठेच नाही. सहाव्या प्रकरणात वाटाघाटी आहेत, सातव्यात बळाचा वापर. ही गोष्ट दोन्हींच्या मधली, म्हणून महासचिव डाग हॅमरशोल्ड तिला ‘साडेसहावे प्रकरण’ म्हणत. पुढे या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी कामे आली. एक, दोन फौजांच्या मधल्या रेषेवर उभे राहून पाहायचे आणि नोंदवायचे. दुसरे, यादवी पेटलेल्या देशात लोकांच्या मध्ये राहून त्यांना वाचवायचे. पहिल्याच्या मापाने दुसरे मोजले की गणित चुकते.

पहिल्या प्रकाराचा नमुना सायप्रस, ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांत विभागलेले बेट. तिथे १९६४ पासून शांतिसेना आहे आणि सुमारे १८० किलोमीटर लांबीचा मधला पट्टा ती सांभाळते. काम कमालीचे कंटाळवाणे. समोरच्या चौकीवर वाळूच्या चार गोण्या वाढल्या, नवा कॅमेरा बसला, कुणी पुढच्या खोलीत खाट टाकली, तरी त्याची नोंद व्हायची, दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना फोन जायचे आणि गोण्या पुन्हा खाली यायच्या. वरवर पोरखेळ वाटतो, पण गोणीचे उत्तर गोणीने आणि गोणीनंतर गोळीने दिले जाते, ती साखळी पहिल्याच कडीला तुटते. मर्यादाही इथेच दिसते. १९७४ मध्ये तुर्कस्तानचे सैन्य बेटावर उतरले, तेव्हा ही तुकडी ते रोखू शकली नाही, आणि रोखण्यासाठी ती नेमलेलीही नव्हती. तरी राजधानी निकोसियाचा विमानतळ तिने आपल्या ताब्यात घेऊन दोन्ही बाजूंना त्यापासून दूर ठेवले. रेषेच्या मोहिमांवर एक टीका मात्र खरी आहे. बंदुका शांत राहतात, म्हणून पुढाऱ्यांना तडजोडीची घाई उरत नाही.

या मोहिमा उभ्या असतात यजमान देशाच्या संमतीवर. संमती गेली की पाया गेला. १९५६ च्या सुएझ पेचानंतर सिनाईत आणि गाझात नेमलेली पहिली सशस्त्र शांतिसेना मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी ‘निघा’ म्हणताच निघू लागली आणि जूनमध्ये युद्ध भडकले. मालीनेही जून २०२३ मध्ये मोहीम बंद करायला सांगितले आणि वर्ष संपता संपता दहा वर्षांचा पसारा गुंडाळला गेला. पण असे उघडपणे ‘चालते व्हा’ म्हणणारे सरकार परवडले, कारण बहुतेक वेळा गळा हळूहळू आवळला जातो. इरिट्रियाने ऑक्टोबर २००५ मध्ये शांतिसेनेच्या हेलिकॉप्टरांवर बंदी घातली, मग रात्रीच्या गस्तीवर निर्बंध आणले आणि शेवटी डिझेल तोडले. २००८ मध्ये मोहीम संपली. दक्षिण सुदानमध्ये उड्डाणासाठी सरकारकडून सुरक्षिततेची हमी घ्यावी लागे. ती वेळेवर आली नाही की हेलिकॉप्टर धावपट्टीवरच. बंदरात अडकलेले सुटे भाग, रखडलेले व्हिसा, नाक्यावर तासन्‌तास थांबवलेली गस्त यातले काहीच बातमीत येत नाही. पण गावात वेळेवर न पोहोचलेल्या तुकडीमागे बहुधा यातलेच एखादे कारण असते.

दुसऱ्या प्रकाराला संमतीसोबत संख्या लागते. रवांडासाठी ऑक्टोबर १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेने २,५४८ जणांची मोहीम मंजूर केली. योजनेत २२ चिलखती गाड्या आणि ८ हेलिकॉप्टर होती. प्रत्यक्षात आल्या ८ गाड्या, त्यातल्या रस्त्यावर धावण्याजोग्या ५, आणि हेलिकॉप्टर एकही नाही. ११ जानेवारी १९९४ रोजी सेनापती रोमेओ डॅलेअर यांनी न्यूयॉर्कला तार केली: शस्त्रसाठ्यांची माहिती मिळाली आहे, छापे घालतो. उत्तर आले, ते तुमच्या अधिकारात बसत नाही. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली, दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियमने तुकडी मागे घेतली आणि २१ एप्रिलला परिषदेने संख्या वाढवायची सोडून २७० वर आणली. मे महिन्यात ५,५०० जण पाठवायचे ठरले, पण २५ जुलैला जागेवर होते साडेपाचशे. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. शांतिसैनिक घाबरले म्हणून हे घडले, असे कुणी म्हणत असेल तर त्याने आधी हे आकडे पाहावेत.

बोस्नियात कागदावरचे शब्द याहून मोठे होते. १९९३ मध्ये स्रेब्रेनिका ‘सुरक्षित क्षेत्र’ ठरले. अशी क्षेत्रे राखायला आणखी ३४ हजार सैनिक लागतील, असे महासचिवांनी कळवले. परिषदेने ७,६०० चा ‘हलका पर्याय’ उचलला. सर्ब फौजांनी डिझेलचे ताफे अडवले, तेव्हा डच बटालियन पायी गस्त घालू लागली. रजेवर गेलेल्या सैनिकांना परत येऊ दिले नाही, म्हणून संख्याही घसरत गेली. जुलै १९९५ मध्ये शहर पडले आणि आठ हजारांहून अधिक पुरुष व मुलगे मारले गेले. सुरक्षिततेचे आश्वासन दिले नसते तर त्यातले काहीजण वेळीच निघून गेले असते का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचतो. अपुऱ्या बळावर दिलेले वचन कधीकधी वचन न देण्याहून महागात पडते.

१९९९ च्या सिएरा लिओन ठरावापासून ‘नागरिकांचे रक्षण’ हे काम नाव घेऊन सोपवले जाऊ लागले. पण त्याला शेपूट असते: ‘आपल्या क्षमतेनुसार आणि तैनातीच्या क्षेत्रात’. वकिली थाटाचे हे पाच शब्द नीट उलगडून पाहा. ८५० जणांची बटालियन घ्या. स्वयंपाकी, वाहनदुरुस्ती, दवाखाना, संदेशयंत्रणा, भांडार आणि मुख्यालय बाजूला काढा. रजेवरचे आणि आजारी वजा करा. तळाच्या पहाऱ्यावर दिवसरात्र पाळ्या लागतात, पाण्याच्या टँकरला आणि अधिकाऱ्यांच्या दौऱ्यांना सोबत द्यावी लागते. ढोबळ हिशेबाने एका वेळी दरवाज्याबाहेर दीड-दोनशे जण निघाले तरी पुष्कळ म्हणायचे. आता त्यांच्यासमोर एखाद्या जिल्ह्याएवढा डोंगराळ मुलूख ठेवा आणि पावसाळ्यात वाहून जाणारा एकच कच्चा रस्ता. ‘क्षेत्रात १० हजार शांतिसैनिक असूनही’ हे बातमीतले वाक्य किती फसवे आहे, ते मग कळते.

रात्रीचे गणित वेगळेच. संयुक्त राष्ट्रांच्या वैद्यकीय नियमाला १०-१-२ म्हणतात: जखम झाल्यापासून १० मिनिटांत रक्त थांबवणारी मदत, १ तासात प्रगत जीवरक्षक उपचार, २ तासांत शस्त्रक्रिया. आता तळापासून ४० किलोमीटरवर, रात्री दोन वाजता गस्त घालायची आहे. कंत्राटी हेलिकॉप्टर रात्री उडायला सज्ज नाही किंवा उतरायच्या जागी दिवे नाहीत, तर जखमी सैनिक दोन तासांत शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचणार नाही. शहाणा तुकडीप्रमुख अशी गस्त पाठवतच नाही. हल्लेखोरांनाही हे ठाऊक असते, म्हणून ते पहाटेच्या आत काम उरकतात. बहुतेक मोहिमांत हेलिकॉप्टर सेनापतीच्या हाताखाली नसते, ते मुलकी पाठबळ विभागाच्या ताब्यात असते आणि ते उठवायला आधी अर्ज भरावा लागतो. तातडीच्या वेळी तो अर्ज किती टेबलांवरून फिरतो, हे मोहिमेच्या यशाचे एक मोजमाप मानायला हरकत नाही.

आणि मग हुकूम कुणाचा? नावाला सेनापती संयुक्त राष्ट्रांचा असतो, पण त्याच्याकडे फक्त कारवाईपुरते नियंत्रण असते. सैनिकाची शिस्त, बढती, शिक्षा, परतीचे तिकीट हे सगळे ज्याच्या त्याच्या देशाकडे. सैनिक देताना देश अटी घालतात: अमुक प्रांताबाहेर जाणार नाही, रात्री हलणार नाही, आक्रमक कारवाईत नसणार. काही अटी लेखी असतात. त्या निदान आधी कळतात. खरा घात न लिहिलेल्या अटी करतात, कारण त्या गोळीबार सुरू झाल्यावर समजतात. सेनापतीचा आदेश येतो, तुकडीचा कर्नल आपल्या राजधानीला फोन लावतो, उत्तर येईपर्यंत गाव संपलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत देखरेख कार्यालयाने २०१४ मध्ये एक हिशेब मांडला. २०१० ते २०१३ या काळात अहवालांत नोंदलेल्या, नागरिकांवरच्या हल्ल्यांच्या ५०७ घटनांपैकी ४०६ ठिकाणी मोहिमेने तत्काळ प्रतिसाद दिला नव्हता. बळाचा वापर जवळजवळ कधीच होत नाही, असाही निष्कर्ष होता. इथे दोष निव्वळ साधनांचा नाही. गोळी झाडली आणि चुकली तर चौकशी होते. झाडलीच नाही तर सहसा कुणी विचारत नाही. असा हिशेब असेल तर माणूस काय निवडेल, हे सांगायला नको.

पैशाबद्दलही बरेच गैरसमज आहेत. संयुक्त राष्ट्रांची स्वतःची फौज नाही. देश सैनिक देतात आणि दर सैनिकामागे दरमहा सगळ्या देशांना एकच दर मिळतो. २०१८ मध्ये तो १,४२८ डॉलर ठरला, नंतर थोडा वाढला. रक्कम जाते सरकारकडे. त्यातले सैनिकाला किती द्यायचे, ते सरकार ठरवते. वाहने आणि जनरेटर यांचे भाडे वेगळे. ‘वेट लीज’ असेल तर देखभाल सैनिक देणाऱ्या देशाची. दर तिमाहीला निरीक्षक येऊन टायर, बॅटरी, रेडिओ तपासतात आणि चालू सामान ठरलेल्याच्या ९० टक्क्यांखाली गेले की भाडे कापतात. नियम चांगला आहे, पण वर्गणीदार देशांनी पैसे थकवले की परतफेड महिनोन्‌महिने लांबते, गरीब देश सुटे भाग घेत नाही, गाडी उभी राहते, भाडे कापले जाते आणि पुढच्या तिमाहीत दुसरी गाडी उभी राहते. अमेरिकेवर खर्चाचा २६ टक्क्यांहून अधिक वाटा बसवलेला असताना तिथल्या कायद्याने २५ टक्क्यांची मर्यादा घातली, त्यातून साठलेली थकबाकी हा जुना वाद आहे. सगळ्या मोहिमांचे मिळून २०२४-२५ चे अंदाजपत्रक ५.६ अब्ज डॉलरचे होते. जगाच्या लष्करी खर्चाच्या अर्ध्या टक्क्याहूनही ते कमी भरते.

मग हे सारे निकामीच का? तसे म्हणता येत नाही. लिसा हल्टमन, जेकब कॅथमन आणि मेगन शॅनन या संशोधकांनी २०१३ मध्ये यादवी युद्धांची आकडेवारी तपासली. शांतिसेनेतले सैनिक आणि पोलीस वाढतात तशा नागरिकांच्या हत्या कमी होतात, असे त्यांना आढळले. नुसत्या निःशस्त्र निरीक्षकांनी तसा फरक पडला नाही. सिएरा लिओनमध्ये मे २००० मध्ये सुमारे ५०० शांतिसैनिक बंडखोरांनी ओलीस धरले, तेव्हा मोहीम बुडाली असेच सगळे म्हणत होते. ब्रिटिश फौज उतरली, भारतीय तुकडीने जुलैत ‘ऑपरेशन खुकरी’ करून वेढ्यातले सैनिक सोडवले आणि परिषदेने पळ न काढता मंजूर संख्या १७,५०० वर नेली. ७५ हजारांवर लढवय्यांनी शस्त्रे खाली ठेवली आणि २००५ अखेर मोहीम परत गेली. रवांडात संकट आल्यावर संख्या घटवली, इथे वाढवली. फरक तेवढाच नाही, पण मोठा आहे.

निःशस्त्रीकरण हा शब्द कागदावर गुळगुळीत दिसतो, म्हणून त्याच्याकडे जरा जवळून पाहावे. छावणीच्या दारात माणूस येतो. त्याची बंदूक चालते का ते तपासतात, क्रमांक नोंदवतात, फोटो काढतात, ओळखपत्र देतात, मग काही दिवस छावणी, भत्ता आणि प्रशिक्षण. लायबेरियात डिसेंबर २००३ मध्ये पहिली छावणी उघडली ती पुरेसे सैनिक आणि जागा नसतानाच. अपेक्षेपेक्षा कितीतरी पट लढवय्ये लोटले, भत्त्यावरून दंगल झाली, काम थांबवून एप्रिलमध्ये पुन्हा सुरू करावे लागले. बंदूक नसेल तर १५० काडतुसे आणली तरी नाव लागेल, अशी सवलत होती आणि भत्ता ३०० डॉलरचा. परिणामी एक लाखाहून अधिक जणांनी नाव नोंदवले, शस्त्रे जमा झाली सुमारे २८ हजार. अनेकांच्या हातात काडतुसे कुणीतरी दुसऱ्यानेच दिली होती. पण याकडे केवळ फसवणूक म्हणून पाहू नये. बायका आणि मुले लढ्यात ओझी वाहत, स्वयंपाक करत, त्यांच्याकडे बंदूक नसेच; कडक नियमाने ती बाहेर राहिली असती. ढिला नियम खर्चिक, कडक नियम क्रूर. तिथल्या अधिकाऱ्याला रोज सकाळी यातले एक निवडावे लागते.

आता पुन्हा गोमाकडे. हेच शहर एम-२३ ने २०१२ मध्येही घेतले होते. त्यानंतर परिषदेने मार्च २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावी यांच्या ३,०६९ सैनिकांची आक्रमक ब्रिगेड दिली, लढाऊ हेलिकॉप्टर दिली आणि नोव्हेंबरमध्ये बंडखोर हरले. त्या विजयात रवांडावर देणगीदार देशांनी आणलेल्या दबावाचा वाटा ब्रिगेडइतकाच होता. २०२५ मध्ये तो दबाव नव्हता, काँगोचे सरकारी सैन्य कोसळत होते आणि त्याच सरकारने शांतिसेनेला परतीचा रस्ता दाखवलेला होता. जून २०२४ मध्ये दक्षिण किवू प्रांतातून ती निघूनही गेली होती. रवांडाचे नाव घेऊन ‘सैन्य मागे घ्या’ म्हणणारा ठराव परिषदेने २१ फेब्रुवारीला केला, म्हणजे शहर पडून तीन आठवडे झाल्यावर. शेजारी देशाची फौज मागे उभी असताना शांतिसेनेने तिला हरवावे, ही अपेक्षा कुठल्याही ठरावात बसत नाही.

शांतिसेनेच्या हातून झालेल्या पापांवर मात्र पांघरूण घालू नये. हैतीत २०१० मध्ये एका तळाची सांडपाण्याची व्यवस्था धड नव्हती. मैला नदीत गेला, कॉलरा पसरला आणि सुमारे दहा हजार लोक दगावले. संयुक्त राष्ट्रांनी माफी मागायला डिसेंबर २०१६ उजाडला. लैंगिक अत्याचारांचे खटले आरोपीच्या मायदेशात चालायचे असतात आणि तिथे अनेकदा चालतच नाहीत. २०१६ च्या ठराव २२७२ ने अशा प्रकरणांत अख्खी तुकडी घरी पाठवायची मुभा दिली. ती वापरली की सैनिक कमी पडतात, म्हणून हात आखडतो.

आपल्या वृत्तपत्राकडे एकच मागणी. यापुढे एखाद्या मोहिमेची बातमी देताना मंजूर संख्येशेजारी जागेवर हजर असलेली संख्या छापावी. रात्री उडू शकणारी हेलिकॉप्टर किती, सैनिक देणाऱ्या देशांच्या अटी कोणत्या आणि वर्गणी कुणाची थकली, हे बातमीदाराने विचारावे. कपात होईल तिथे आधी मुख्यालये आकसतात की दूरचे छोटे तळ, याकडे तर खास लक्ष असावे. दूरचा तळ उठला की गावाला तासाभरात मदत मिळायची शक्यता उठते, आणि ही गोष्ट कुठल्याही पत्रकार परिषदेत सांगितली जात नाही. सुदानच्या दारफूरमधली मोहीम ३१ डिसेंबर २०२० रोजी अशीच आवरली गेली. एके काळी तिच्यासाठी २६ हजार जणांची मंजुरी होती. तिचे मुख्यालय बराच काळ होते अल फाशर शहरात. ते शहर सुमारे दीड वर्षाच्या वेढ्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये पडले.

आपला,
एक वाचक